पाऊण तात्या

तामलवाडीत 'शोले'मधला जय अजून जिवंत आहे. नुसता जिवंत नाही, ठाकूरच्या विधवा सुनेशी त्याचं रीतसर लग्न झालंय, दोघं रामगढातच असतात आणि ठाकूरची शेती जय बघतो. ही माहिती आमच्या तात्यांची. पिच्चर १९७५चा, म्हणजे त्यालाही आता पन्नास वर्षं झाली. "थोरला नातू कॉलेजला आसंल आता," असं तात्या म्हणतात तेव्हा नवखा माणूस चेष्टा समजून हसतो. तात्या हसत नाहीत. ते बशीत चहा ओततात आणि पुढच्या घराकडे वळावं तसे पुढच्या पिच्चरकडे वळतात.

एकदा शाळेतल्या एका नव्या गुरुजींनी धाडस केलं. "तात्या, जय मरतो की शेवटी."

"तुमी बघितलाव?"

"हो, दहादा."

"मी बघितलो तवा तर बरा हुता," तात्या म्हणाले. "मागनं काय झालं आसंल तर ठावं न्हाई."

या 'मागनं'मध्ये तात्यांचं सगळं चरित्र आहे.

तात्या दूधवाले. पहाटे चारला धार, साडेपाचला दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेली एम-एटी रस्त्यावर, सातच्या आत सोलापूर. आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, पण जिल्ह्याच्या अगदी कडेला, सोलापूर-तुळजापूर रस्त्याच्या निम्म्यावर. त्यामुळे कागदोपत्री आम्ही धाराशिवचे आणि दूध, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सिनेमा यांसाठी सोलापूरचे. तात्यांचा रतीब सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौक या बाजूला. साडेनऊपर्यंत कॅन रिकामे. मग सरकी पेंड घ्यायची, असलाच तर भुसा घ्यायचा आणि बाराला टॉकीज. भागवत, मीना, आशा, प्रभात. कुठला पिच्चर लागलाय यापेक्षा एम-एटी आणि रिकामे कॅन कुठे सुरक्षित राहतील यावर टॉकीज ठरायचं.

आता हिशोब बघा. बाराचा शो तीनला सुटतो. म्हशीची दुसरी धार चारला. टॉकीज ते गोठा पाऊण तास. पेंड कालवायची, पाणी दाखवायचं, वैरण टाकायची. म्हणजे सव्वादोनला उठलंच पाहिजे. माणसाला थांब म्हणता येतं. म्हशीला वेळ चुकलेली चालत नाही, ती पान्हा चोरते आणि दुसऱ्या दिवशी साखर पेठेतल्या चार घरांना त्याची शिक्षा भोगावी लागते. तात्यांच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ, काटे अंधारात हिरवे दिसणारे. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्या काट्यांचं काही देणंघेणं नव्हतं. सव्वादोन वाजले की तात्या उठायचे, पिशवी बगलेत मारायचे, शेजारच्याच्या गुडघ्यांना 'जरा सरका' म्हणायचे आणि बाहेर. चाळीस वर्षांत हा नियम मोडला नाही. म्हणून गावानं नाव ठेवलं, पाऊण तात्या.

या पाऊणपणाचे परिणाम मी बसून मोजलेत. तात्यांच्या जगात अमिताभ बच्चन एकदाही मेलेला नाही. 'दीवार'मधला विजय धंदा सोडून आईकडे परत गेलाय. 'एक दूजे के लिए'तली दोघं वर्षाची मुदत संपवून गोव्यात सुखात आहेत, घरात तमिळ आणि हिंदी दोन्ही चालतं. 'कयामत से कयामत तक'मधली पोरं डोंगरात राहतात आणि दोन्हीकडचे बाप आता थकले असल्यामुळे त्यांच्यात दम राहिलेला नाही. 'पिंजरा'तला मास्तर तमाशातून सुटला आणि त्याची बदली झाली. (हे त्यांनी खास माझ्यासाठी सांगितलं. मीही मास्तर. आमच्यात बदलीपलीकडे कशाची मजल जात नाही असं त्यांचं मत आहे.) १९९१ साली 'माहेरची साडी' बघून गावातल्या बायका डोळे सुजवून परतल्या, तेव्हा वेशीवर तात्या त्यांना विचारत होते, "अगं पर सासरचं कोन आजारी पडलं व्हतं का काय?"

रहस्यपटांचं विचारूच नका. तात्यांनी पाहिलेल्या एकाही पिच्चरमध्ये खुनी सापडलेला नाही. त्यामुळे त्यांचा पोलिसांवर विश्वास नाही.

मी या गावात नोकरीला आलो तेव्हा तात्यांच्या वाड्यातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अजून तिथेच आहे. त्यामुळे हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. संध्याकाळची धार झाली, डेअरीत दूध घातलं की तात्या हमरस्त्याकडेच्या टपरीवर येऊन बसायचे, अजूनही बसतात. पलीकडे तुळजापूरला निघालेल्या गाड्या, अलीकडे आमचं समीक्षक मंडळ. त्या दिवशी बघितलेल्या पिच्चरचा निकाल तिथे लागतो.

पेपरवाले तारे देतात. तात्या फॅट सांगतात. डेअरीत दुधाला लावतात तीच पद्धत. गाईला साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ. म्हशीला सहा आणि नऊ. याच्या खाली लागलं की भाव पडतो. तात्यांच्या हिशोबात फॅट म्हणजे मजा, गाणी, मारामारी, वर तरंगणारी साय. एसएनएफ म्हणजे साय काढल्यावर खाली जे काही उरतं ते. "ह्या पिच्चरला फॅट सात हाय, पर एसएनएफ लागंना," असं ते म्हणाले की समजायचं, दोन तास बरे गेले आणि घरी आल्यावर आठवत काही नाही. 'पुष्पा २' आला तेव्हा तो तब्बल २०० मिनिटांचा आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हंजे पानी घातलंय." बघून आल्यावर मात्र सुधारणा केली. "पानी न्हाई, बर्फ टाकलाय. दूध थंड ऱ्हावं म्हनून टाकत्यात. इतळला की मग कळतंय किती व्हतं." आणि आपण त्यातलं पाऊण सोडा, निम्मंच कसंबसं पाहिलं, हे सांगायला विसरले.

मला हे मोजमाप ताऱ्यांपेक्षा बरं वाटतं. तारे देणाऱ्याला कधी कुणी भेसळीबद्दल पकडलंय का?

टपरीवरचे बाकीचे समीक्षक तात्यांपुढे फिके आहेत. मेडिकलच्या दुकानात बसणारा पोरगा आहे. तो प्रत्येक पिच्चरला 'वन टाइम वॉच' म्हणतो आणि प्रत्येक पिच्चर तीनदा बघतो. २०२५च्या जुलैत 'सैयारा' बघून तो जो रडत आला तो दोन दिवस दुकानात गोळ्या चुकीच्या देतोय की काय अशी भीती होती. देशभर पोरंपोरी थिएटरात हुंदके देतायत, बातम्या येतायत, असं त्यानं सांगितलं. तात्यांनी शांतपणे विचारलं, "रडायला तिकीट काडून गेलास? मोंढ्यात जायचं. सोयाबीनचा भाव फुकट बघाय मिळतोय."

खुद्द टपरीवाला पिच्चर मोबाईलवर बघतो. साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवलेला, एक डोळा उकळीवर. गिऱ्हाईक आलं की थांबवायचा, गेलं की सुरू. अडीच तासांचा पिच्चर त्याला आठ दिवस पुरतो. त्यामुळे मंगळवारी त्याला पिच्चर रटाळ वाटतो आणि शुक्रवारी उत्कृष्ट. त्याच्या मोबाईलच्या काचेवर चहाचे इतके शिंतोडे आहेत की सगळे नायक त्याला सावळे दिसतात.

आणि तिसरा मी. मी 'पटकथेची बांधणी' वगैरे शब्द वापरतो. मी बोलायला लागलो की लोक गाड्यांचे नंबर वाचतात.

तात्यांची माहिती मात्र आमच्या सगळ्यांच्या आधीची असायची, आणि याचं कारण रतीब. पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं. हैदराबादला काय चाललंय ते साखर पेठेतल्या उंबऱ्यावर पातेलं पुढे करता करता कळायचं. चार शब्द तेलुगू तात्यांना येतं, पण 'बागुंदी' आणि 'बागालेदु' एवढ्या दोन शब्दांवर सगळी समीक्षा उभी राहते, हे त्यांनी फार आधी ओळखलंय. बरा आहे, बरा नाही. आमचे वर्तमानपत्रवाले तेच सहाशे शब्दांत सांगतात.

दुसरा मार्ग देवीचा. कोजागरीला सोलापूरहून आणि खाली कर्नाटकातून लोक तुळजापूरला चालत जातात. आमच्या दारावरूनच जातात. रस्ता गाड्यांना बंद होतो आणि रात्रभर नुसती माणसं वाहतात, 'आई राजा उदो उदो' चाललेलं. तात्यांचा त्या दिवशी रतीबही बंद आणि पिच्चरही बंद. मग ते चहा वाटायला उभे राहतात. कप हातात देताना देवीच्या भक्ताला विचारतात, "नवीन कंचा बघितलाव?" २०२२ची कोजागरी ९ ऑक्टोबरला होती. विजयपूरकडच्या चौघांनी त्यांना 'कांतारा' नावाच्या कन्नड पिच्चरची हकिकत सांगितली, एकानं तर अनवाणी, पायाला फोड आलेले असताना, भर रस्त्यात त्यातल्या दैवासारखी आरोळी ठोकून दाखवली. मागची माणसं दचकून देवीचा उदो करायला लागली. 'कांतारा' हिंदीत आला १४ ऑक्टोबरला. म्हणजे मुंबईच्या आधी पाच दिवस तामलवाडीला त्याचं फॅट कळलं होतं.

आता 'सैराट'चं सांगतो. ते सांगितल्याशिवाय तात्या पुरे होत नाहीत. अर्थात पुरे होणं त्यांच्या नशिबात नाहीच.

२०१६चा उन्हाळा. पाऊस सलग दोन वर्षं नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली होती, त्यावरून काय ते समजा. तात्यांच्या दोन म्हशी चारा छावणीत, एक आटलेली, दुसरी नावाला दूध देणारी. पुतण्या छावणीत मुक्कामाला, धार तोच काढायचा. कॅन अर्धे जायचे. म्हणजे चाळीस वर्षांत पहिल्यांदा तात्यांच्या संध्याकाळला घाई नव्हती. २९ एप्रिलला 'सैराट' लागला आणि त्या आठवड्यात तात्या गेले. जेऊरच्या नागराज मंजुळ्यांचा पिच्चर, नायिका अकलूजची. "मास्तर, पयल्यांदा पडद्यावर कुनीतरी माज्यासारकं बोललं," हे त्यांचं पहिलं वाक्य. "आन् ती पोरगी ट्रॅक्टर चालवती. नुस्ता बसून फोटू न्हाई, चालवती."

त्या दिवशी तात्या सव्वादोनला उठले नाहीत. सवयीनं घड्याळ पाहिलं, परत बसले. पोरं पळाली, हैदराबादला गेली, झोपडपट्टीत राहिली, भांडली, परत एक झाली, लग्न केलं, लेकरू झालं. मग तिच्या माहेरची माणसं पिशव्या भरून आहेर घेऊन दारात आली. तिनं त्यांना आत घेतलं, चहाचं आधण ठेवलं. तात्यांचा जीव भांड्यात पडला. आता काय, चहा पितील आणि जातील. मनगट पाहिलं. उठले.

तुम्ही 'सैराट' पाहिला असेल तर हे वाचून तुमचा श्वास अडकला असेल. माझाही अडकला होता, टपरीवर, त्यांच्या तोंडून ऐकताना. मी आदल्याच दिवशी शेवटपर्यंत पाहून आलो होतो. तात्या सांगत होते, "राग किती दीस टिकतोय? लेकराचं त्वांड बघितलं की समदं इरघळतंय. फॅट आठ!"

"म्हशीला आठ लागलं तर डेअरीवाला मशीन पुसून परत लावतो, तात्या," टपरीवाला म्हणाला. त्यानं तेव्हा पाहिला नव्हता.

"पुसू दे. आठ!" आणि मग ते वाक्य, "समद्यांनी जावा. पोरीबाळी, बाया, समदे. लई गोड शेवट हाय."

तात्यांचं कुणी ऐकतं असं नाही, पण आठ फॅट त्यांनी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. शनिवारी तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, गल्लीतल्या बायका गोळा केल्या. एक पिकअप ठरवला. सतरा बाया, सहा पोरं, कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याचे कॅन. तीनच्या शोला गेल्या. जाताना गाणी म्हणत गेल्या, ती गाणी त्या वेळी प्रत्येक वरातीत वाजत होती.

रात्री आठला पिकअप वेशीत आला तेव्हा आतून आवाज नाही. पिकअपवाला खाली उतरून मला म्हणाला, "गुरुजी, मी माती सावडून आल्यावानी गाडी आणली." बाया एकेक करून उतरल्या, पदर सारखे केले आणि एकमेकींशी न बोलता घराकडे गेल्या. तरण्या पोरींच्या आयांनी पोरींचे हात धरलेले होते.

मी खोलीच्या दारात होतो. तात्या ओसरीवर वाट बघत होते. निकाल ऐकायची त्यांना फार हौस.

"कसा हुता?"

काकूंनी चपला भिंतीशी लावल्या. "बरा हुता."

"माहेरची माणसं आली नव्हं?"

"आली."

"आहेर घिऊन?"

"व्हय."

"च्या पिली?"

काकू रांजणापाशी गेल्या, तांब्या बुडवला, पाणी प्यायल्या. मला वाटलं आता बोलतील. मी आत सरकलो. सतरा बाया, तिकिटं, पिकअपचं भाडं आणि वर हे. कुठल्याही बाईनं बोललं असतं.

"पिली," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय. गेली."

तात्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. बघा, सांगितलं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी टपरीवर मेडिकलवाल्यानं तोंड उघडलं होतं. "तात्या, त्या पिच्चरचा शेवट..." इतकंच. टपरीवाल्यानं त्याच्या हातात गच्च भरलेला गरम ग्लास दिला, न मागता. पोराची बोटं पोळली आणि वाक्य राहिलं. टपरीवाल्याला कुणी सांगितलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याची बायको त्या पिकअपमध्ये होती एवढं खरं.

माझ्या मनाला मात्र हे लागून राहिलं. आपण शिकवणारी माणसं, कुणी अर्धवट माहिती घेऊन फिरतोय हे आपल्याला बघवत नाही. तात्यांना निदान एक तरी पिच्चर शेवटपर्यंत दाखवायचा असं मी ठरवलं. 'सैराट' नव्हे, तेवढा मीही कठोर नाही. छोटा हवा, आणि ज्यात शेवटी कुणी मरत नाही असा हवा. मी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' निवडला. २०१५चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, लांबी दोन तासांच्या आत. एका लोकशाहिरावर खटला भरलाय, त्याचं गाणं ऐकून गटारसफाई करणाऱ्या कामगारानं जीव दिला असा आरोप, आणि मग तारखा. मी माझ्या टीव्हीवर लावला, रविवारी दुपारी दोनला. चारच्या आत संपतो. पुरावा, उलटतपासणी, सगळी तयारी करून बसलो.

तात्यांना तो विलक्षण आवडला. मला वाटलं होतं कंटाळतील. पण तुळजापूरच्या कोर्टात त्यांची बांधाची केस माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे. पडद्यावर वकील कागद चाळायला लागला की तात्या पुढे सरकायचे. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली की मांडीवर थाप मारायचे. "असंच. अक्षी असंच. आमचा वकील बी असाच नाक पुसतोय." मारामारी नाही, गाणी शाहिराची तेवढी, तरी माणूस हलायला तयार नाही.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. माणसं निघून जातात. शिपाई एकेक दिवा बंद करतो, दार लावतो. पडदा काळा होतो. चांगला वेळ काळाच राहतो. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे की सिनेमा तिथे संपत नाही, पुढे न्यायाधीशांच्या सहलीचं एक प्रकरण आहे आणि खरा चिमटा तिथे आहे.

पण मराठवाड्यातल्या माणसासमोर पडदा काळा करून चालत नाही.

"लाइट गेली," तात्या म्हणाले आणि उठले.

"तात्या, नाही गेली, बसा..."

"दोन तास न्हाई येत आता. म्हशीचं बघतो." आणि ते पायऱ्या उतरून गेलेही. मी मागे पळालो तोवर टीव्हीवर उजेड आला आणि तात्या गोठ्यात.

रात्री टपरीवर त्यांनी निकाल दिला. "फॅट कमी, चार. पर एसएनएफ धा." दहा एसएनएफ ही मी कधी ऐकलेली गोष्ट नव्हती. "लई खरा पिच्चर. केस चालू, तारीख पडली, आन् लाइट गेली. ह्येच्या म्होरं काय दावणार?"

मी त्यांना सहलीचं सांगितलं नाही. सांगून पाहिलं असतं तरी ते म्हणाले असते, मागनं झालं आसंल. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी जिथे तोडला तो शेवटही वाईट नाही. हे मी ताम्हाण्यांना सांगायला जाणार नाही.

सोलापुरात मल्टिप्लेक्स आलं तेव्हा तात्यांचा हिशोब कोलमडला. खेळाच्या वेळा अकरा पस्तीस, बारा पन्नास अशा एसटीच्या वेळापत्रकासारख्या. कधी तीन चतुर्थांश, कधी निम्मा, तर एकदा फक्त पाट्या आणि जाहिराती बघून ते परत आले आणि तरी फॅट सांगितलंच. पॉपकॉर्नचा भाव ऐकून त्यांनी तिथल्या पोराला विचारलं होतं, "मका कुटला, अमेरिकेचा?"

मग गुडघे गेले. एम-एटी पुतण्यानं भंगारात घातली. पोरं पुण्याला, धार काढायला माणूस मिळेना. शेवटची म्हैस विकली त्याला तीन वर्षं झाली. गोठ्यात आता खताची पोती आणि पुतण्याची मोटरसायकल असते. दावण तशीच आहे.

२०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' आला. गावातून जीप भरभरून गेल्या. तात्यांना मी माझ्या मोटरसायकलवर नेलं. तिकीट माझं, हट्टही माझा. म्हटलं आता म्हशी नाहीत, घाई नाही, गोठ्यात कुणी वाट बघत नाही. आज शेवट होणार. थिएटर गच्च भरलं होतं, पोरं घोषणा देत होती, तात्याही एकदा उठून घोषणा देऊन बसले. लढाया त्यांना भयंकर आवडल्या. मध्यंतरानंतर बराच वेळ गेला. संगमेश्वर आलं. राजे पकडले गेले.

तात्यांनी मनगट पाहिलं.

"मास्तर, येळ झाली."

"कसली?"

"धारंची."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते पिशवी बगलेत मारून उभे होते, पुढच्याच्या खुर्चीवर हात ठेवून. मागचा पोरगा म्हणाला, "आजोबा, खरा पिच्चर तर आता हाय. बसा की."

"ठावं हाय बाळा," तात्या म्हणाले. "कीर्तनात ऐकलाय." आणि गुडघ्यांना 'जरा सरका' म्हणत निघाले. त्यांना परत न्यायचं माझ्याच गाडीवर होतं, तेव्हा मीही उठलो. दोनशे वीस रुपयांचं तिकीट, त्यातला पाऊण तास वाया. बाहेर लख्ख ऊन. उळे गावाच्या पुढे वाऱ्यात ते मागून ओरडले, "फॅट साडेसात!" टोलनाक्यापर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. तेव्हापासून टपरीवर मलाही कुणी कुणी 'पाऊण मास्तर' म्हणतं. टपरीवाल्यानं 'छावा' नऊ दिवसांत पुरा केला आणि मला शेवट सांगायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं.

परवा रविवारी संध्याकाळी तात्यांच्या ओसरीवर टीव्ही चालू होता. कुठल्याशा वाहिनीवर 'सैराट' लागलेला. जाहिराती धरून तो पाच तास चालतो. काकू सुपात शेंगा घेऊन बसलेल्या, फोडतायत. तात्या पलंगावर. मी भाडं द्यायला गेलो आणि बसलो. तात्यांना सगळं पाठ, ट्रॅक्टर आला की मला कोपरानं ढोसायचे, विहिरीत उड्या पडल्या की हसायचे. पोरं हैदराबादला पोचली. भांडली. एक झाली. लेकरू झालं, रांगायला लागलं, चालायला लागलं. तुरीची डाळ, साबण, विम्याची जाहिरात झाली. आणि दारात माहेरची माणसं आली, हातात पिशव्या.

काकूंनी शेंगेवरून नजर उचलली नाही.

"अवो, म्हशीला पानी दावलं का?"

तात्यांनी घड्याळात पाहिलं. "हां की. ऱ्हायलंच." पलंगावरून पाय खाली घेतले, गुडघ्यावर हात देऊन उठले, चपला शोधल्या आणि गोठ्याकडे गेले.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी रिमोटनं आवाज कमी केला. खरं तर पुढच्या भागात आवाज नाहीच. आम्ही दोघं बघत बसलो. शेंगा फुटायचा तेवढा आवाज येत होता, एकसारखा, मध्ये न थांबता. मग पाट्या आल्या, त्याही वाहिनीनं निम्म्यावर तोडून पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू केली.

तात्या आले. हात कोपरापर्यंत ओले होते, धोतराच्या सोग्याला पुसत आले.

"गेली का माणसं?"

"गेली," काकू म्हणाल्या.

"च्या पिऊन?"

काकू सूप बाजूला ठेवून उठल्या. "पिऊन गेली. तुमाला टाकू का?"

"टाका की," तात्या म्हणाले. "मास्तरांस्नी बी टाका."